फोनवरचं ‘मोटो’ आलं कारमधून! पॉल गॅल्विन यांची गोष्ट

गेल्या वर्षी मी एक सेकंड हँड हॅचबॅक घेतली. म्युझिक सिस्टीम कंपनी फिटेड आहे, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं आणि त्यापायी थोडे पैसेही जास्त लावले. पहिल्याच दिवशी गाणं लावलं, तर मागे बारीक शिट्टी ऐकू येतेय. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची. हे काय प्रकरण आहे ते शोधता शोधता मी जवळजवळ शंभर वर्षं मागे गेलो आणि तिथे भेटले पॉल गॅल्विन.

त्यांचा जन्म १८९५ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या हार्वर्ड नावाच्या छोट्या गावातला. शाळकरी पॉल स्टेशनवर थांबणाऱ्या गाड्यांमध्ये पॉपकॉर्न विकायचा. मोठेपणी पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले. परत आल्यावर एका मित्राबरोबर बॅटरीचा कारखाना काढला. तो बुडाला. पुन्हा काढला, तोही बुडाला. दुसऱ्या वेळी तर सामानाचा लिलाव झाला. गॅल्विन त्याच लिलावात गेले आणि आपल्याच धंद्यातला एक भाग परत विकत घेतला. तो होता बॅटरी एलिमिनेटर, म्हणजे बॅटरीवरचा रेडिओ घरच्या विजेवर चालवणारं यंत्र. १९२८ मध्ये भाऊ जोसेफ आणि ५ कामगारांना घेऊन शिकागोत त्यांनी गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन सुरू केली.

पण थेट विजेवर चालणारे रेडिओ बाजारात आले आणि एलिमिनेटरची गरजच संपत चालली. त्यात १९२९ चा शेअर बाजार कोसळला. तिसऱ्यांदा कुलूप लागायची वेळ आली होती. तेव्हा गॅल्विन यांनी ठरवलं, कारमध्ये बसणारा, सामान्य माणसाला परवडणारा रेडिओ करायचा.

आता अडचण बघा. स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओ लहरी सोडते, म्हणजे इंजिनातच एक छोटं रेडिओ स्टेशन! त्यामुळे गाण्याऐवजी नुसती खरखर. एल्मर वेव्हरिंग आणि इतर तंत्रज्ञांबरोबर खटपट करून त्यांनी ही खरखर काबूत आणली. जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं संमेलन होतं. गॅल्विन यांनी आपल्या स्टुडबेकर कारमध्ये रेडिओ बसवला आणि शिकागोहून गाडी हाकत तिथे पोचले. आत स्टॉल नव्हता. मग गाडी बाहेरच उभी केली आणि आवाज वाढवला. लोक थांबून ऐकू लागले, ऑर्डर मिळाल्या, कंपनी वाचली.

या रेडिओला नाव दिलं मोटोरोला. ‘मोटो’ मोटारगाडीतला आणि ‘ओला’ त्या काळी ग्रामोफोन-रेडिओच्या नावांना सर्रास लावत तो. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच हे नाव घेतलं. दुसऱ्या महायुद्धात तिचे हँडी-टॉकी सैनिकांच्या हातात होते. १९५९ मध्ये गॅल्विन गेले. १९७३ मध्ये हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला कॉल झाला, तोही मोटोरोलाच्याच फोनवरून. तो बघायला ते नव्हते.

आता माझ्या शिट्टीकडे येऊ. माझ्याकडे खरखर स्पार्क प्लगची नव्हती, अल्टरनेटरची होती. अर्थिंग नीट नसेल तर ती स्पीकरपर्यंत पोचते. मेकॅनिकने सेट बाहेर काढला, तर मागे कापलेल्या वायरी पिळून वर टेप गुंडाळलेली. म्हणजे सेट नंतर बसवलेला! कंपनीतून आलेल्या सेटला सहसा मागे वायरिंगचा अखंड कपलर असतो आणि कार कंपनीच्या पार्ट नंबरचं स्टिकर असतं. पुढच्या पट्टीवरच्या नावावर जाऊ नका. ती पट्टी बाजारात मिळते.

तुम्हीही छोटी कार बघायला जाल तेव्हा आधी व्हेरियंट विचारा आणि त्यात किती स्पीकर येतात ते ब्रोशरमध्ये बघा. मग एकेक दार ऐका. स्टीअरिंगवर बटणं असतील तर ती चालतात का बघा. शेवटी इंजिन चालू ठेवून, आवाज बारीक करून ॲक्सिलरेटर दाबा. शिट्टी आली, तर सेट बाहेर काढून दाखवा म्हणा आणि त्यानंतरच पैशाचं बोला. मी हे उलट्या क्रमाने केलं. अर्थिंग नव्याने केल्यावर शिट्टी गेली, जास्तीचे पैसे मात्र परत आले नाहीत.