प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे : एक उपेक्षित सुधारक

महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे नाव आपणां सर्व भगिनींना वंद्य आहे. पण त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचे नाव निघाले की अजूनही आवाज खाली येतो. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी त्यांच्याविषयी लिहावे असे मी ठरविले.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. ते अवघे नऊ वर्षांचे असताना त्यांच्या मातोश्री राधाबाई निवर्तल्या. पुढे रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनला मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला होता. प्रचार सोडावा की नोकरी, असा पेच पडला तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी देहावसान होईपर्यंत पदरमोड करून ते चालविले. पत्नी मालतीबाईंनी या खडतर व्रतात त्यांना साथ दिली. मूल होऊ न देण्याचा निर्णय उभयतांनी समजून-उमजून घेतला होता.

संततिनियमन हा त्यांच्या विचाराचा केवळ एक भाग. मूळ प्रश्न निराळे होते. स्त्रीच्या शरीरावर सत्ता कोणाची? कामेच्छा पुरुषाला स्वाभाविक, तर स्त्रीला ती पाप कशी? लग्न लागले म्हणजे प्रेमाची सक्ती करता येते काय? दोघांच्या राजीखुशीने आणि तिसऱ्याला इजा न होता जे घडते, त्याला अनीती का म्हणावे?

या प्रश्नांची किंमत त्यांना कोर्टात मोजावी लागली. व्यभिचारावरील लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरली. त्यांत समलिंगी आकर्षणाचाही विषय होता. त्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. तरीही दोनशे रुपये दंड झालाच. पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. मध्ये चौऱ्यांशी वर्षे गेली.

त्यांचे सारेच मला पटते असे नाही. वासनेचा हिशेब त्यांनी चोख मांडला. पण वर्षानुवर्षांच्या सहवासातून, आजारपणातल्या सेवेतून जी माया जडते, तिला त्यांच्या तर्कात पुरेशी जागा मिळाली नाही, असे मला वाटते. मात्र स्त्रीला मन आहे, इच्छा आहे आणि नकाराचा अधिकारही आहे, हे त्यांनी जितक्या निर्भयपणे सांगितले तितके त्या काळी फार थोड्यांनी सांगितले.

आज आपल्या मनीषनगरात घरोघरी शिकलेल्या मुली आहेत. शरीराविषयी, मनाच्या ओढीविषयी त्यांनी काही विचारले की आपण विषय बदलतो. मग त्या उत्तरे मोबाईलवर शोधतात. ती खरी की खोटी, कोण सांगणार? एखादा मुलगा स्वतःला मुलगी मानतो असे कळले, तर घरात रडारड होते, विचारपूस मात्र होत नाही. माझी मंडळाला एवढीच सूचना आहे : येत्या वर्षात हळदीकुंकवाच्या एका कार्यक्रमाला जाणत्या डॉक्टरीणबाईंना बोलवावे, मुलींनाही सोबत आणावे, आणि कोणत्याही प्रश्नाला लाजून गप्प बसवू नये. रघुनाथरावांचे स्मरण याहून चांगले कोणते?