घर गहाण ठेवून आलेलं पदक

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचं वार्षिक क्रीडासंमेलन. कुस्तीसाठी नाव द्यायला एक बारकासा पोरगा आला. उंची जेमतेम साडेपाच फूट. अंगकाठी बघून क्रीडाशिक्षकांनी त्याला परत पाठवलं. पण पोरगा गप्प बसणारा नव्हता. तो थेट प्राचार्यांकडे गेला, परवानगी घेऊन आला आणि आपल्यापेक्षा धिप्पाड, अनुभवी मल्लांना त्याने अस्मान दाखवलं. हा पोरगा म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव, स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा पैलवान.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव कराडजवळचं गोळेश्वर. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. त्यामुळे लाल मातीची ओळख घरातच झाली. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, कॉलेज कोल्हापुरात. ताकदीपेक्षा चपळाई हे त्यांचं हत्यार आणि धाक हा हुकमी डाव. आपल्याकडे जत्रेतल्या फडात कुस्ती बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको, समोरच्याला कळायच्या आत पाठ लागली की खेळ खल्लास!

मातीतून मॅटवर

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. तिथे सगळंच नवीन. आयुष्यभर मातीत खेळलेला गडी एकदम मॅटवर उतरला. मातीत पाय रुततो, मॅटवर घसरतो. नियम वेगळे, गुण मोजायची पद्धत वेगळी. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. तोवर भारताच्या कुठल्याच पैलवानाला वैयक्तिक पदक मिळालेलं नव्हतं. परत आल्यावर त्यांनी मॅटच्या कुस्तीसाठी जोरदार तयारी सुरू केली. डोळ्यांसमोर आता हेलसिंकी होतं.

पण १९५२ च्या संघात त्यांची निवड सहजासहजी झाली नाही. आपल्यावर अन्याय झालाय असं वाटल्यावर ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले. पुन्हा कुस्ती लावली गेली. खाशाबांनी ती जिंकली आणि संघात जागा मिळवली.

आता प्रश्न पैशांचा. तेव्हा ना स्पॉन्सर होते, ना सरकारी योजना. खाशाबा आणि त्यांच्या घरच्यांनी गावोगावी वर्गणी मागितली. ज्याला जमेल तसं त्याने दिलं. तरी रक्कम भरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मधले सात हजार! ते पैसे एका माजी विद्यार्थ्याच्या कुस्तीवर लावायचे, तेही पदकाची काही खात्री नसताना.

२३ जुलै १९५२

हेलसिंकीत खाशाबा एक गट वर, म्हणजे ५७ किलोच्या बॅन्टमवेटमध्ये खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून ते पदकाच्या जवळ पोहोचले. मग जपानच्या शोहाची इशीबरोबर लांबलेली, दमछाक करणारी कुस्ती झाली आणि निकाल इशीच्या बाजूने गेला. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं केलं गेलं. नियमावर बोट ठेवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य.

त्याच हेलसिंकीत छोट्याशा जमैकाने काय केलं ते बघा. या बेटाची लोकसंख्या आजही आपल्या सोलापूर जिल्ह्यापेक्षा कमी आहे. तेव्हा तर तो स्वतंत्र देशही नव्हता. तरी त्यांच्या धावपटूंनी दोन सुवर्ण आणि तीन रौप्यपदकं नेली. ४ बाय ४०० मीटर रिलेत ३ मिनिटं ३.९ सेकंद असा विश्वविक्रम केला. त्यांच्यातले हर्ब मॅकेन्ली आणि जॉर्ज ऱ्होडन अमेरिकेतल्या कॉलेजांच्या ट्रॅकवर घडले होते. आपल्या खात्यात हॉकीचं सुवर्ण आणि खाशाबांचं कांस्य, एवढंच. त्यांच्यामागे कॉलेजची यंत्रणा होती, खाशाबांच्या मागे एका प्राचार्याचं घर.

आधी कर्ज, मग पुढचं

कराडला परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सोहळा संपला आणि खाशाबा पुन्हा आखाड्यात उतरले. कशासाठी? कुस्त्यांमधून पैसे जमवून खर्डेकर सरांचं कर्ज फेडण्यासाठी. ते त्यांनी फेडलं. पदक जिंकण्याइतकीच ही गोष्ट मोठी वाटते.

१९५५ मध्ये ते पोलिसात सबइन्स्पेक्टर म्हणून भरती झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक हुकलं. पोलीस दलातल्या स्पर्धा ते जिंकत राहिले, नवे खेळाडू घडवत राहिले आणि असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. मात्र पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. त्यानंतर खाशाबा २३ वर्षं हयात होते, पण तो त्यांना मिळाला मरणोत्तर, २००० सालचा. पद्म पुरस्कारही हयातीत मिळाला नाही. दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं ते २०१० मध्ये.

भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं. कुस्तीतलं दुसरं पदक २००८ मध्ये सुशील कुमारने आणलं. आणि महाराष्ट्राच्या मातीतून पुढचं वैयक्तिक पदक आलं २०२४ मध्ये, पॅरिसला, कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळेकडून. मधे तब्बल ७२ वर्षं गेली. या काळात किती बारक्या पोरांना अंगकाठी बघून परत पाठवलं गेलं असेल, याची नोंद कुणीच ठेवलेली नाही. पुढच्या महिन्यात तुमच्या जिमखान्याच्या दारात असं कुणी नाव द्यायला आलं, तर निदान ते लिहून तरी घ्या.