फाशीची लस आणि लुई पाश्चर

शेतकरी बंधूंनो, फाशी रोगाने चांगलं धडधाकट जनावर बघता बघता आडवं होतं, नाकातोंडातून न गोठणारं काळं रक्त येतं, हे तुम्ही जाणताच. या रोगावर लस करणारे लुई पाश्चर १८२२ साली फ्रान्समध्ये कातडी कमावणाऱ्याच्या घरी जन्मले. १८६८ मध्ये अर्धांगवायूने डावं अंग लुळं पडलं, तरी काम सुटलं नाही.

जिवंत पण दुबळे केलेले जंतू टोचायचे, म्हणजे जनावराचं अंग रोगाशी लढायला तयार होतं, ही त्यांची रीत. पशुवैद्यांना ती पटेना. म्हणून मे १८८१ मध्ये पुयी-ल-फोर गावात सगळ्यांदेखत परीक्षा झाली. २४ मेंढ्यांना दोनदा लस टोचली, २४ तशाच ठेवल्या. ३१ मे रोजी सगळ्यांना जहाल जंतू टोचले. २ जूनला लस घेतलेल्या जिवंत होत्या. बाकीच्या संध्याकाळपर्यंत साऱ्या मेल्या.

एक गोष्ट मात्र पाश्चर यांनी झाकली. हवेवर जंतू दुबळे केले असाच लोकांचा समज राहू दिला. खरी लस त्यांचे सहकारी शांबरलाँ यांनी रसायन वापरून केली होती, आणि ती वाट आधी तुलूझचे पशुवैद्य तुसाँ यांनी धरली होती. हे पाश्चर यांच्या वह्यांतून फार उशिरा बाहेर आलं. मला तरी हे खटकतं, बरं का. पाश्चर १८९५ पर्यंत मानसन्मानात जगले. तुसाँ १८९० मध्येच वारले, वय अवघं ४३.