कमला सोहोनी

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, १९११, इंदूर – २८ जून, १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. वनस्पतींच्या श्वसनातील सायटोक्रोम या रंगीत प्रथिनांवरील संशोधनासाठी आणि भारतीय आहारातील पोषणमूल्यांच्या अभ्यासासाठी त्या ओळखल्या जातात. केंब्रिज विद्यापीठातून विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

शिक्षण

त्यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकले होते. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली पदवी घेतल्यानंतर कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. गुणवत्ता असूनही केवळ स्त्री असल्यामुळे संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला, तेव्हा त्यांना एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम समाधानकारक ठरेपर्यंत प्रवेश नियमित मानला जाणार नव्हता. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला आणि १९३६ साली एम.एस्सी. पदवी मिळवली. त्यांच्या कामामुळे संस्थेचे दार पुढे इतर विद्यार्थिनींनाही खुले झाले.

सायटोक्रोमवरील संशोधन

केंब्रिज येथे त्यांनी रॉबिन हिल यांच्यासमवेत वनस्पतींच्या ऊतींवर काम केले. बटाट्याचा अभ्यास करताना त्यांना वनस्पतिपेशींत सायटोक्रोम-सी आढळले. या लहान प्रथिनाला लोहयुक्त हीम गट जोडलेला असतो. त्यातील लोह एक इलेक्ट्रॉन स्वीकारते व पुढच्या घटकाकडे सोपवते. या देवघेवीवर पेशीचे श्वसन चालते. हीममुळे प्रथिनाला रंग येतो. इलेक्ट्रॉन स्वीकारलेल्या अवस्थेत ते सुमारे ५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते. त्यामुळे वर्णपटदर्शकातून ते ओळखता येते. प्राण्यांप्रमाणेच वनस्पतींच्या श्वसनातही सायटोक्रोमचा सहभाग असतो, हे या कामातून पुढे आले. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

भारतातील कार्य

१९३९ साली मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. त्यानंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या साहाय्यक संचालक होत्या. १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापन करू लागल्या. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांसह कडधान्ये, तांदळाचे पदार्थ आणि नीरा यांचे पोषणमूल्य तपासले. कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहाराशी हे काम थेट जोडलेले होते. नीरेवरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना चार वर्षांच्या विलंबाने मिळाले. कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संघटनेच्या कार्यातही त्यांचा सक्रिय सहभाग होता.

निधन

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत आयोजित केलेल्या सत्कारसमारंभात त्या कोसळल्या. त्यानंतर काही काळातच, २८ जून रोजी त्यांचे निधन झाले.