लोखंडाच्या शोधात चांद्यापर्यंत

अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीपासून थेट सह्याद्रीपर्यंत पसरलेला काळा पाषाण हा लोहाचा प्रचंड साठाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेल्या या बेसाल्टच्या शंभर किलोंत दहा किलोंच्या आसपास लोह असते. तरीही मराठवाड्यात लोखंडाची खाण नाही. जालन्याच्या प्रसिद्ध सळई कारखान्यांनाही कच्चा माल बाहेरूनच आणावा लागतो.

भूकवचात वजनाने ॲल्युमिनियम सुमारे ८ टक्के आणि लोह सुमारे ५ टक्के आहे. तांबे टनामागे पाऊणशे ग्रॅमही भरत नाही, तर सोने अवघे काही मिलिग्रॅम. मात्र बेसाल्टमधले बहुतेक लोह सिलिकेट खनिजांत घट्ट बांधलेले असते. ते सोडवण्याचा खर्च कोणत्याही कारखान्याला परवडणारा नाही. निसर्गाने साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत एकत्र करून ठेवलेले लोहखनिज सापडावे लागते आणि ते वितळवण्याजोगा कोळसा आवाक्यात असावा लागतो. हा योग जुळवण्यासाठी जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे वेचली. त्यांचे नाव निघाले की मुंबईचे ताजमहाल हॉटेल आठवते. त्या मानाने चांद्याच्या जंगलाशी जडलेले त्यांचे नाते फारसे कुणाला ठाऊक नाही.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर ते वडिलांच्या व्यापारात शिरले आणि १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. कापडगिरणीसाठी मुंबई सोडून त्यांनी नागपूर निवडले, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला. तिथली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि त्यामुळे मध्य प्रांताशी त्यांचा कायमचा संबंध जडला.

याच प्रांतातील चांदा जिल्ह्याविषयी रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ मध्ये त्यांच्या वाचनात आला. लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज असल्याचे त्यात नमूद होते. वरोऱ्याला कोळशाची खाणही होती. कागदावर तरी योग जमून आलेला होता. प्रत्यक्षात वरोऱ्याचा कोळसा भट्टीला योग्य ठरला नाही, आणि खाणकामाच्या परवान्यासाठी सरकारने घातलेल्या अटी इतक्या जाचक होत्या, की जमशेटजींना बेत बाजूला ठेवावा लागला. स्वदेशी उद्योगाची वाट दगडापेक्षा कायद्याने अधिक अडवली, असेच म्हणावे लागेल.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १८९९ मध्ये खाणींचे नियम सैल झाले. तेव्हा साठीला टेकलेल्या जमशेटजींनी जुने कागद पुन्हा बाहेर काढले. १९०२ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली, तिथले पोलाद कारखाने पाहिले आणि न्यूयॉर्कमधील अभियंते चार्ल्स पेज पेरिन यांना या कामासाठी तयार केले. पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड भारतात आले आणि जमशेटजींचे पुत्र दोराबजी यांच्यासह चांद्याच्या रानात हिंडले. बैलगाडीचा प्रवास, पाण्याची टंचाई आणि वाघांचे भय सोसून हाती आलेला निष्कर्ष निराशाजनक होता. लोहाऱ्याचे खनिज चांगले होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल असे नव्हते.

मोहीम गुंडाळण्याची वेळ आली असताना नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींची नजर एका भूशास्त्रीय नकाशावर पडली. दुर्ग जिल्ह्यातील एक भाग त्यावर लोहखनिजाचा म्हणून दाखवलेला होता. भूसर्वेक्षण खात्यातील प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये केलेली ती नोंद होती. डल्ली-राजहराच्या त्या टेकड्यांतून खनिज अफाट मिळाले, परंतु योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी जवळ नव्हते. पुढे अर्धशतकाने भिलाईचा कारखाना याच टेकड्यांच्या खनिजावर उभा राहिला.

बोस यांची कथाही चटका लावणारी आहे. त्यांना डावलून कनिष्ठ इंग्रज अधिकाऱ्याला वर चढवल्यावर त्यांनी १९०३ मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि मयूरभंज संस्थानात काम पत्करले. तेथील गोरुमहिसानी डोंगरात त्यांना समृद्ध लोहखनिज आढळले. झरियाचा कोळसाही तिथून फार दूर नव्हता. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजींना पत्र लिहून ही माहिती कळवली. बावीस वर्षे शोधलेले उत्तर या पत्रात होते.

जमशेटजींची प्रकृती तोवर ढासळली होती. उपचारासाठी ते युरोपला गेले आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. गोरुमहिसानीचा डोंगर त्यांनी पाहिला नाही. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी २६ ऑगस्ट १९०७ रोजी झाली. सुवर्णरेखा आणि खरकाई नद्यांच्या संगमाजवळ साकची येथे भट्ट्या उभ्या राहिल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पोलादाची पहिली लगड बाहेर आली. साकचीला जमशेदपूर हे नाव १९१९ मध्ये मिळाले.

जुन्या चांदा जिल्ह्याचाच भाग असलेल्या गडचिरोलीतील सुरजागडच्या डोंगरातून आज लोहखनिज काढले जात आहे.