‘काळ’कर्त्यांची वक्रोक्ती आणि सरकारचा जामीन

फेब्रुवारी १८९८ मध्ये हिंदुस्थान सरकारने दंडविधानातील राजद्रोहाचे कलम, म्हणजेच १२४ अ, अधिक कडक केले. आदल्या वर्षी पुण्यात प्लेगचा हाहाकार सुरू असताना ‘केसरी’तील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली होती. त्या खटल्यात कलमातील शब्दांच्या अर्थावरून मोठा खल झाला. तसा वाद पुन्हा उपस्थित होऊ नये, अशी ही तजवीज होती. टिळक अद्याप तुरुंगातच होते आणि पुण्यातील संपादक मंडळी शब्द जपून वापरीत होती. अशा वेळी, २५ मार्च १८९८ रोजी, पुण्यात एक नवे साप्ताहिक निघाले. त्याचे नाव ‘काळ’. संपादक होते तेहतीस वर्षांचे शिवराम महादेव परांजपे.

शिवरामपंतांचा जन्म २७ जून १८६४ रोजी महाड येथे झाला. शिक्षणासाठी ते पुण्यास आले, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक-आगरकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलचे वारे तरुणांच्या अंगात संचारले होते. संस्कृत हा शिवरामपंतांचा हातखंडा विषय. एम. ए. झाल्यावर काही काळ त्यांनी संस्कृतचे अध्यापनही केले. सरकारी नोकरीचा सुरक्षित मार्ग त्यांच्यासारख्या विद्वानाला सहज मोकळा होता. तो सोडून त्यांनी वृत्तपत्राचा बेभरवशाचा धंदा पत्करला, आणि तोही राजद्रोहाचा कायदा नुकताच कडक झालेला असताना.

परंतु संस्कृत साहित्यशास्त्राचा अभ्यास वाया गेला नाही. अलंकारशास्त्रात व्याजस्तुती नावाचा एक अलंकार आहे. वरवर स्तुती आणि आतून निंदा, असे त्याचे स्वरूप. शतकानुशतके काव्यापुरता राहिलेला हा अलंकार शिवरामपंतांनी राजकारणात उतरविला. इंग्रजी राज्याचे फायदे ते अशा काही थाटात वर्णीत, की वाचणाऱ्याच्या मनात त्या राज्याविषयी चीड उत्पन्न व्हावी. ज्या गोष्टीबद्दल संताप व्यक्त करावयाचा, तिचे ते तोंड भरून कौतुक करीत. कधी ते इतिहासातील प्रसंग घेत, कधी रूपककथा लिहीत, तर कधी रस्त्यावरच्या खडी फोडणाऱ्या मजुराला बोलते करीत. स्वातंत्र्य हा शब्द उघडपणे उच्चारणे धोक्याचे होते, त्या दिवसांत ‘काळ’चा वाचक दोन ओळींमधील कोऱ्या जागेतून तो वाचावयास शिकला.

या शैलीने सरकारपुढे एक चमत्कारिक पेच उभा केला. १२४ अ हे कलम कृत्यापेक्षा भावनेशी अधिक संबंधित होते. सरकारविषयी द्वेष, तुच्छता वा अप्रीती उत्पन्न करणे, हा त्यातील गुन्हा. आता ज्या लेखात शब्दशः सरकारची प्रशंसाच केलेली आहे, त्यात तुच्छता आहे हे सिद्ध करावयाचे, तर ती प्रशंसा कोणालाही खरी वाटणे अशक्य आहे हे सरकारी वकिलाला आधी मान्य करावे लागणार! फिर्यादीनेच आरोपीच्या म्हणण्याला दुजोरा द्यावा, असा तो प्रकार. दहा वर्षे ‘काळ’ चालला त्यात शिवरामपंतांच्या धैर्याचा वाटा मोठा होताच. पण या पेचाचाही काही वाटा होता.

या दहा वर्षांत ‘काळ’ने महाराष्ट्राची एक पिढी घडविली. नाशिकला शिकत असलेले विनायक दामोदर सावरकर हे त्याच्या उत्कट वाचकांपैकी एक. शाळा-कॉलेजांतून, वाचनालयांतून, गावोगावच्या पारांवरून ‘काळ’चे अंक एका हातातून दुसऱ्या हातात जात. सरकारी भाषांतरकारही ते तितक्याच नेमाने वाचत असत. मात्र वक्रोक्तीचे भाषांतर करणे सोपे नसते. शब्द इंग्रजीत उतरतात, सूर मागे राहतो.

१९०८ साली ही परिस्थिती पालटली. ३० एप्रिल रोजी मुझफ्फरपूर येथे खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफर्ड यांच्यासाठी योजलेला बाँब भलत्याच गाडीवर पडला आणि केनेडी कुटुंबातील दोन स्त्रिया मृत्यू पावल्या. या घटनेनंतर सरकारने जून महिन्यात वृत्तपत्रांविरुद्ध नवा कायदा केला आणि जुन्या कलमाखालीही धरपकड आरंभिली. बाँबप्रकरणावरील लिखाणाबद्दल शिवरामपंतांना जूनमध्येच अटक झाली. त्यांच्या खटल्याच्या कामी साहाय्य करण्यासाठी टिळक मुंबईस गेले होते. तेथेच, सरदारगृहात, २४ जून रोजी टिळकांनाही पकडण्यात आले. शिवरामपंतांना १९ महिन्यांची शिक्षा झाली, तर टिळकांना सहा वर्षांची. टिळकांचा मंडालेचा तुरुंगवास सर्वांच्या स्मरणात राहिला. त्याच्या छायेत शिवरामपंतांची शिक्षा काहीशी झाकोळून गेली.

त्या काळचे सर्व लिखाण आज सर्वांनाच पटेल असे नाही. दोन निरपराध स्त्रियांच्या मृत्यूनंतर बाँबच्या मार्गाची कारणमीमांसा किती करावी आणि सहानुभूती कोठे थांबावी, याविषयी तेव्हाही मतभेद होते. परंतु न पटणारे मत मांडणाऱ्याला कोणती वागणूक मिळते, यावरूनच राज्यकर्त्यांची परीक्षा होते. पटणाऱ्या मताला संरक्षणाची गरजच पडत नाही.

१९०९ मध्ये शिवरामपंत सुटले. खटल्याने लेखक मोडत नाही, उलट मोठा होतो, हे एव्हाना सरकारच्याही ध्यानात आले असावे. न्यायालयात लेख वाचले जातात, त्यांवर वाद होतो, त्याची वार्तापत्रे छापून येतात आणि ज्यांनी मूळ लेख वाचलेला नसतो त्यांच्याही कानी तो पोहोचतो. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. पुढल्याच फेब्रुवारीत, १९१० साली, सरकारने मुद्रणाचा नवा कायदा आणला. त्याची रचना अगदी निराळी होती. छापखान्याच्या मालकाकडून आणि पत्राच्या प्रकाशकाकडून आधीच रोख जामीन घ्यावयाचा. आक्षेपार्ह मजकूर आढळल्यास प्रांतिक सरकारने स्वतःच्या हुकुमाने तो जप्त करावयाचा. पुन्हा छापावयाचे तर दहा हजार रुपयांपर्यंत नवा जामीन भरावयाचा. जप्तीविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येई. परंतु तेथे मजकूर निर्दोष असल्याचे दाखविण्याचा भार तक्रार करणाऱ्यावरच होता.

या कायद्यापुढे वक्रोक्ती निरुपयोगी ठरली. न्यायालयाला लेखाचा अर्थ लावावा लागत होता. जामिनाला अर्थाशी कर्तव्य नव्हते. लेखक तुरुंगात जाण्यास तयार असला, तरी छापखान्याच्या मालकाने आपले यंत्र आणि खिळे का गमवावेत? ‘काळ’कडे जबर जामीन मागण्यात आला. तो भरणे शक्य नव्हते. १९१० मध्ये ‘काळ’ बंद पडला. आरोपपत्र नाही, साक्षी नाहीत, निकालपत्र नाही. एका आठवड्यात अंक निघाला आणि पुढे निघाला नाही, एवढेच.

सरकार तेवढ्यावर थांबले नाही. ‘काळ’मधील निवडक निबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले होते, तेही जप्त झाले. त्याच वर्षी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली. महाभारतातील कथेत प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता, हा त्याचा अपराध. रूपककथा आता सरकारलाही कळू लागली होती. निबंधांवरील बंदी शिवरामपंतांच्या हयातीत उठली नाही. ज्या लेखनाने त्यांना ‘काळकर्ते’ ही पदवी मिळवून दिली, ते लेखन त्यांच्याच मराठी वाचकाला वर्षानुवर्षे उघडपणे विकत घेता येत नव्हते. एक संपूर्ण पिढी त्यांचे केवळ नाव ऐकून वाढली.

स्वतः शिवरामपंत मात्र गप्प बसले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी ‘स्वराज्य’ साप्ताहिक काढले आणि टिळकांच्या पश्चात गांधीजींच्या असहकाराला साथ दिली. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखाली जाऊ लागल्या, तेव्हा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते त्या सत्याग्रहात उतरले आणि १९२२ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा भोगून आले. त्याच वर्षी १९१० चा मुद्रणकायदा रद्द झाला. पण १९३१ मध्ये जामिनाची तीच युक्ती नव्या नावाने परत आली. १९२९ साली बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद शिवरामपंतांना मिळाले. ज्याचे प्रमुख पुस्तक जप्तीत आहे अशा लेखकाला मराठी साहित्यिकांनी आपल्या व्यासपीठावर अग्रस्थानी बसविले, हा त्या बंदीला दिलेला सभ्य पण स्पष्ट जबाब होता. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

१२४ अ हे कलम स्वातंत्र्यानंतरही दंडविधानात राहिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अंमल स्थगित केला आणि २०२४ मध्ये दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. नव्या संहितेतील कलम १५२ हे जुन्या कलमाचेच रूप आहे की नाही, याची चर्चा सुरू आहे. ती व्हावयास हवीच. परंतु शिवरामपंतांचे चरित्र आणखी एक गोष्ट लक्षात आणून देते. राजद्रोहाच्या खटल्याने ‘काळ’च्या संपादकाला तुरुंगात धाडले, तरी ‘काळ’ संपविला तो जामिनाने. खटल्याची बातमी होते आणि इतिहासात त्याची नोंद राहते. छापखानदाराने हिशेब करून नकार दिला, तर त्याची नोंद कोठे राहावी? एखाद्या काळात लेखनस्वातंत्र्य किती होते हे मोजावयाचे, तर किती संपादक तुरुंगात गेले एवढेच पाहून भागणार नाही. किती पत्रे निमूटपणे बंद पडली, हेही विचारले पाहिजे.