शाळा न पाहिलेली लेखिका : लक्ष्मीबाई टिळक

(बी. ए. भाग २)

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे मी पुस्तक उघडून बसले की आजीला वाटते, पोर काहीतरी फार अवघड वाचते आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वाचनालयातून ‘स्मृतिचित्रे’ घरी नेले आणि एका संध्याकाळी सहज चार पाने तिला मोठ्याने वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या आटोपताच ती आपणहून येऊन बसली. पुस्तक लिहिणारी बाई तिच्यासारखीच कधी शाळेत गेलेली नव्हती, हे काही केल्या तिला पटेना. त्या बाईंची हकीकत इथे सांगण्याचे धाडस करते आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर या गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, लाडाने मनू. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या बंडात फाशी गेले. त्या प्रसंगाचा मनूच्या वडिलांच्या मनावर असा काही परिणाम झाला, की त्यांना सोवळ्याओवळ्याचे वेडच लागले. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याखेरीज त्यांना चालेना. घरच्या सगळ्यांना त्याचा जाच होई. पण लक्ष्मीबाई हे सांगतात ते रडत नाही, तर हसत हसत. मला तर वाटते, ज्या मुलीने लहानपणी स्पर्शाची एवढी भीती पाहिली, तिच्या आयुष्यात पुढे हाच प्रश्न पुन्हा उभा राहावा यात नवल नाही.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक विद्वान, कवी, मनाने उदार. पण संसाराच्या कामाचे मुळीच नव्हेत. नोकरी धरावी, सोडावी, न सांगता निघून जावे, हातात असेल ते दुसऱ्याला देऊन टाकावे, हा त्यांचा क्रम. पैसे घेऊन बाजारात गेलेले टिळक हव्या त्या जिनसा सोडून भलतेच काही घेऊन परत येत. सासऱ्यांचा स्वभाव तर त्याहून कठीण. बायकोला अक्षरओळख करून दिली ती मात्र टिळकांनीच. ते शिकविणेही सलग नव्हते; गुरुजींची लहर लागली की धडा, नाहीतर राग. एवढ्या शिदोरीवर या बाईंनी पुढे मराठीतले सर्वांत मोकळे आत्मचरित्र लिहिले.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला होते. मुलगा देवदत्त, म्हणजे दत्तू, त्याच वर्षी झाला. जाता जाता सांगते, नाशिकहून नागपूरला जाणारी आगगाडी तेव्हाही आपल्या मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाववरूनच जात असे. तेव्हा हे कुटुंब आपल्या जिल्ह्यातून गेले असणार, असे मी आजीला सांगितले. शेगावचे नाव ऐकताच तिने खिडकीतून बाहेर पाहिले. जणू गाडी आत्ताच गेली!

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या गृहस्थाने टिळकांना ‘नवा करार’ वाचायला दिला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. त्या वाचनाचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांच्या बाप्तिस्म्यात झाला. बायको तेव्हा जलालपूरला होती. बातमी आली आणि तिच्या पायांखालची जमीन सरकली. नवरा जिवंत, पण तो जातीबाहेर. कपाळावर कुंकू, पण संसार नाही. त्या काळी विधवेची दुःखे तरी लोकांना ठाऊक होती. या दुःखाला नावच नव्हते.

इथे आमच्या घरी वाचन थांबले. आजी टिळकांवर फार चिडली. आपल्या मराठी साहित्यात टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात, त्यांची मने कोमल होती, त्यांना सत्याचा ध्यास होता, हे सगळे मी तिला समजावून सांगितले. तिने विचारले, की एवढे कोमल मन होते तर बायकोला आधी का सांगितले नाही? माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही. मोठ्या माणसाच्या सत्याची किंमत घरातल्या बाईने का मोजावी, हा प्रश्न चरित्रकार भक्तिभावाने बाजूला सारतात. लक्ष्मीबाईंनी तो बाजूला सारला नाही, आणि नवऱ्यावरचे प्रेमही लपविले नाही.

सुमारे पाच वर्षे त्या नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपूरलाही. मनातले सांगायला कोणी नव्हते, तेव्हा त्या कविता जुळवू लागल्या. मग नगरला येऊन नवऱ्याजवळ राहायचे त्यांनी ठरविले. पण धर्म सोडून नव्हे! ख्रिस्ती वस्तीत राहून त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली, पाणी वेगळे ठेवले. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको ख्रिस्ती, असे त्यांनी होऊ दिले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बदल झाला तो राहुरीस, आणि तो पाण्यावरून. कोणाच्या हातचे प्यायचे, कोणाच्या हातचे नाही, याचा विचार करता करता त्यांच्या मनाने घेतले, की ही जात देवाने केलेली नव्हे, माणसांनी केलेली आहे. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे घ्यायला सुरुवात केली. कोणाचे प्रवचन ऐकून नव्हे, आपल्याच डोक्याने! १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

हा भाग वाचताना माझा आवाज खाली गेला. आमच्या ओसरीच्या वळचणीला एक कप निराळा ठेवलेला असतो. शेतावर कामाला येणाऱ्या काही माणसांसाठी तो आहे. ती माणसे तो स्वतः घेतात, स्वतः विसळतात, पुन्हा तिथेच ठेवतात. लहानपणापासून मी तो पाहते आहे. त्याबद्दल घरी मी कधी अवाक्षर काढले नाही. आजीही त्या रात्री काही बोलली नाही. दिवा मालवायला तिने थोडा उशीर केला, एवढेच.

नंतरचा काळ लक्ष्मीबाईंच्या कर्तबगारीचा. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना त्यांनी घरात घेतले. नगरला प्लेग आला तेव्हा मिशनच्या शाळेतील आजारी मुलींची शुश्रूषा त्यांनी केली. ज्या घरात भाऊ भावाजवळ जाईना, असे ते दिवस होते. टिळकांची गीते टाळमृदंगाच्या साथीने चर्चमध्ये घुमू लागली होती. त्या उपासनेत लक्ष्मीबाईही रमल्या. त्यांची भक्ती मात्र स्वयंपाकघराला धरूनच राहिली. पाहुणा उपाशी असेल तर आधी ताट, मग प्रार्थना, अशा त्या होत्या.

९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. १९०९ साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतले होते, पण जेमतेम दहा-अकरा अध्याय होऊन ते राहिले. ते काम पत्नीने हाती घेतले आणि पुढचे चौसष्ट अध्याय रचले. नवऱ्याच्या ग्रंथाचा एवढा मोठा भाग बायकोने लिहिल्याचे दुसरे उदाहरण मराठीत मला तरी माहीत नाही. ग्रंथ छापून निघाला तो १९३८ साली. तेव्हा त्या हयात नव्हत्या.

‘स्मृतिचित्रे’ची जन्मकथाही गमतीची आहे. देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. आई लिहीत गेली आणि चरित्र तिचेच झाले! ‘संजीवनी’ साप्ताहिकातून ते येऊ लागले आणि १९३४ पासून त्याचे भाग पुस्तकरूपाने निघाले. मधल्या काळात कराचीलाही राहून आलेल्या लक्ष्मीबाई शेवटी नाशिकला स्थिरावल्या होत्या. मुलगा, सून, नातवंडे यांत वावरणारी ही आजी पासष्टीत मराठी वाचकांची लाडकी लेखिका झाली. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्यांचे निधन झाले. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची टिपांसह आवृत्ती सिद्ध केली. इंग्रजीतही हे पुस्तक एकाहून अधिक वेळा गेले. शांता गोखले यांचा अनुवाद २०१७ साली आला.

सुट्टी संपली तेव्हा आमची साठ-सत्तर पाने उरली होती. पुस्तक परत करायची तारीख उलटून गेली होती, दंड भरावा लागणार होता. आजीने लुगड्याच्या ओच्यातून दहाची नोट काढून दिली आणि ते पुन्हा माझ्या नावावर घ्यायला सांगितले. संक्रांतीला घरी गेले तेव्हा उरलेले वाचले. प्लेगचा भाग तिला दुसऱ्यांदा ऐकायचा होता. कप अजून वळचणीलाच आहे. पण आमच्याकडे निंदायला येणाऱ्या एका म्हातारीला त्या दिवशी आजीने आतला पेला भरून चहा दिला. म्हातारीनेच तो घ्यायला किती वेळ लावला!